पाव गुण

दरवर्षी पेपर झाला की रात्री मी बसतो
कोळशाची शेगडी टेबलाखाली ओढून
आणि एकशेवीस प्रश्नांची हाडं वेगळी करतो.
राज्यघटना अडतीस. करार अकरा.
न्यायतत्त्वशास्त्र नेहमीसारखं शेपटाला,
तिथवर पोरांची बोटं गोठून गेलेली असतात.
सोपे, मध्यम, अवघड, अशा तीन टोपल्या.
सगळ्यात खाली एक ओळ:
यंदा कट-ऑफ दोनेक गुणांनी उतरेल.
ही ओळ मी अकरा वर्षं लिहितोय,
आठ वेळा खरी ठरलीय.
मी स्वतः ही परीक्षा तीनदा दिली,
ते कुठल्याच टोपलीत बसत नाही.

लाइतुमख्राच्या चढावर, बेकरीच्या माडीवर माझा क्लास.
खाली पाव भाजतात,
वर आम्ही पाव-पाव गुण मोजतो.

काल पहाटे तीनला माझी सात मुलं
एका सुमोत कोंबून धुक्यातून गुवाहाटीला उतरली.
सहा जणांनी रात्रीच फोन केला: सर, कट-ऑफ?
बालारिहुन आज आली. काही विचारलं नाही.
प्रश्नपत्रिका ठेवली टेबलावर,
त्र्याहत्तरावर दुमडलेली.

उतारा छोटाच.
एका डोंगराळ जमातीत आईचं घर
धाकट्या लेकीला मिळतं.
थोरला भाऊ कोर्टात जातो.
ही प्रथा आहे, हे सिद्ध कोणी करायचं?
उत्तरतालिका म्हणते ब: जो प्रथेचा दावा करतो, त्याने.
तिने गोल काळा केला होता ड चा:
पुराव्याची गरज नाही, न्यायालय स्वतःच दखल घेईल.

मी सकाळीच हा प्रश्न 'सोपा'त टाकलेला.
म्हटलं, बालारि, घोडं इथेच पेंड खातं तुझं.
परीक्षेच्या हॉलमध्ये घर आणायचं नसतं.
ती म्हणाली,
"घर मी नाही आणलं, सर. त्यांनीच छापलंय."

मग ती बोलत राहिली, शेगडीकडे बघत.
तीन थोरल्या बहिणी आपापल्या घरी,
मामा खोकतो, पत्रा गळतो, आणि हे सगळं तिचं.
आई इयेउदुहच्या बाजारात सुपारी कातरते,
हाताला चुना लागलेला, बोटं भेगाळलेली.
तिला कोणी कधी विचारलं नाही, पुरावा काय म्हणून.
बेंगळुरूला नंबर लागला तर दार कोण लावणार,
हाही एक प्रश्नच. त्याला मात्र पर्याय छापलेले नाहीत.

मी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं.
पान शोधायला वेळ लागला,
कारण वाळवीने माझ्याआधी वाचलं होतं.
जी प्रथा न्यायालयांनी पुन्हा पुन्हा मान्य केली,
तिला दरवेळी साक्षीदार लागत नाही.
म्हणजे ड.
किंवा म्हणजे ब, उताऱ्यापुरतं, कारण उताऱ्यात
'पुन्हा पुन्हा' हे शब्दच नाहीत.
मी दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माहितेय."

चुकलं तर गेला एक, वर पाव.
सव्वा गुणात या परीक्षेत
चारशे माणसं उभी असतात.
हरकत घ्यायची तर प्रश्नाला हजार रुपये,
बरोबर ठरलात तर परत.
असहमतीचं डिपॉझिट, मी विनोद केला.
ती हसली नाही. खिशातून
घडी घातलेल्या नोटा काढून मोजल्या:
सातशे चाळीस. चुन्याचा वास येत होता.

खणात माझ्याकडे तीनशे होते.
मी खण उघडला, आणि उगाच
पेन शोधल्यासारखं केलं थोडा वेळ.
आठव्या वर्षी असाच एक मुलगा आला होता.
तेव्हा मी म्हणालो होतो, सोडून दे, पुढच्या वर्षी बघू.
तो आता पोलीस बाजारात चष्मे विकतो,
मला सवलत देतो, सुखी आहे.

तीनशे काढून तिच्यापुढे ठेवले.
तिने साठ परत केले.

आता ती कोपऱ्यात बसून हरकत लिहितेय.
पाचशे अक्षरांची मर्यादा आहे,
ती खोडते, मोजते, पुन्हा खोडते.
मी विश्लेषण पुरं करतोय.
त्र्याहत्तर 'सोपा'तून काढला, 'मध्यम'मध्ये ठेवला,
तिथूनही काढला.
कोळसा विझत आलाय.
मुदत उद्या संध्याकाळी पाच.